गोणपाटाची ताडपत्री

"आये, आता न्हाई म्हनू नगंस. ताडपत्री घ्यायची म्हंजी घ्यायचीच!"

रंगनाथ अंगणात उभा राहून ओरडत होता. डोक्यापासून टाचेपर्यंत भिजलेला, आणि मागं ट्रॉलीत भिजलेली बाजरी. राहात्याच्या बाजाराला निघाला होता, पाटाच्या पुलावर हस्ताच्या सरीनं गाठला. वर झाकायला मीच रिकामी पोती पसरून दिली होती. त्या पोत्यांनी पाणी अडवलं तर नाहीच, स्वतः पोटभर पिऊन खालच्या बाजरीलाही पाजलं.

"घे की," मी म्हणाले. "बैलजोडी इक नि ताडपत्री घे. नाकापरीस मोती जड."

"मग काय मोड आल्याली बाजरी इकू?"

"मोड आल्याली कोंबड्यास्नी घाल. पर नगरच्या दुकानदाराच्या बोडख्यावर घालायला माझ्याकडं पैका न्हाई. गेल्या साली काय दिस काढलं, इसरलास का?"

गेलं साल कोणी विसरणार होतं का? पाट कोरडा पडला होता. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरायचं. तोंडावर पदर ओढून मीसुद्धा रस्त्यावर खडी फोडली, चार पिढ्यांच्या बागायतदाराची सून! जनावरं छावणीत गेली. बऱ्याच जणांची तिथंच मेली. आमची जोडी जगली ती भिमाजीमुळं. भिमाजी आमचा सालगडी, पाथर्डीकडचा. रंगनाथला मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून आमच्याकडं. छावणीत तो बैलांच्या पायाशी झोपला आणि दुष्काळी कामावर मिळालेली स्वतःची सुकडी त्यांना चारली, असं लोक सांगतात. त्याला विचारलं की म्हणायचा, "न्हाई वो मोठ्याई, मला त्या सुकडीचा वास सोसत न्हवता."

आणि या साली देवानं डोळे उघडले. बाजरी अशी आली की कणसं हाताच्या कोपरापर्यंत. खळं झालं, पोती भरली, गोठ्यामागं सरमडाची, बाजरीच्या वैरणीची, गंज उभी राहिली. ती नवी पिवळी गंज बघून बैल दावणीलाच हंबरायचे.

"ताडपत्री मी करते," मी रंगनाथला म्हणाले.

"तू? घरात?"

"मग काय मंगळावर? माझा बाप मोटंला रोगण लावायचा. करडईचं त्याल लोखंडी कढईत काळंभोर हुईस्तवर कढवायचं नि उन्हात मोटंला चोळायचं. कातडं पान्याचा थेंब पीत न्हवतं. कातड्याला चालतंय तर गोनपाटाला का न्हाई?"

करडईचं तेल घरात होतंच. डबाभर तेल खवट होऊन पडलं होतं, तोंडात घालवत नव्हतं. रंगनाथनं कपाळावर हात मारला, पण पुढं बोलला नाही. माझ्यापुढं फार बोलायची आमच्या घरात चाल नाही.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. खताची पोती पाटावर धुऊन, उसवून घेतली. भिमाजी दाभण आणि सुतळी घेऊन बसला. एक थर उभा, एक आडवा, मधे माझी आणि सूनबाईची, चांगुणाची, जुनेरी लुगडी. कडेनं सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी. जागोजागी बैलाच्या जुन्या म्होरकीच्या कड्या, दोर ओवायला. ट्रॉलीवर बांबूच्या कमानी वाकवून बांधायच्या, म्हणजे मधे पाणी साचायचं नाही. ही अक्कल चांगुणाची. "पाळन्यावर झोळी टाकतो तसं, आत्याबाई," ती म्हणाली. अक्कल चांगली होती. मी तसं तोंडावर सांगितलं नाही एवढंच.

शिवण झाल्यावर एका सकाळी अंगणात चूल मांडून मी तेल कढवलं. डोळ्यातून पाणी येईल असा धूर. शेजारचे कारभारीबुवा कुडावरून डोकावले.

"बनुबाई, ट्रॉली बाळंत झाली का काय? त्याल चोळताय ते!"

"व्हय. बारशाला या, घुगऱ्या देते," मी म्हणाले. "नि पावसात तुमची बाजरी भिजली की रडत येऊ नका."

सगळे हसले. भिमाजीही हसला. दुपारपर्यंत आम्ही दोघी सासूसुनांनी चिंध्यांनी ते रोगण गोणपाटात जिरवलं आणि उन्हात पसरलं. तिन्हीसांजेला अजून अवकाश होता, तोच मावळतीकडून आभाळ भरून आलं. मी आरडले, "गुंडाळा रं! भिजलं तर समदं मुसळ केरात!"

मीच पुढं झाले. वाकळ गुंडाळते तसं घट्ट गुंडाळलं. वर गुडघे रोवून दाबलं, दोरानं आवळलं. आणि गंजीच्या बुडाशी, जिथं पाणी पोचत नाही, तिथं खोबणीत सारून वरून सरमडाच्या चार पेंढ्या टाकल्या. बाईमाणसाला अंथरूण उघडं टाकवत नाही, त्यातला प्रकार.

पाऊस आलाच नाही. नुसता गडगडून गेला.

दिवेलागणीला चांगुणा म्हणाली, "आत्याबाई, करपल्यावानी वास येतुया."

"तुजीच भाकर करपली आसंल. तव्याकडं बघ."

"भाकर तर अजून टाकली न्हाई."

मी दिव्याची वात सारखी करीत होते. उठले नाही. तेवढ्यात गोठ्याकडून भिमाजीची बोंब आली.

गंज आतून पेटली होती. वरून पिवळी आणि आत लाल, भट्टीवानी. कारभारीबुवा, त्यांची मुलं, आळीतली माणसं बादल्या घेऊन धावली. सरमडाची आग पाण्याला भीत नाही. भिमाजीनं बैल सोडले, ओढून बाहेर काढले. त्याच्या भुवया जळाल्या. चांगुणा उभी राहून तोंडावर हात मारून घेत होती. पाणी मारता मारता गंज बसली, आणि दुष्काळानंतरची पहिली वैरण होती तिथं काळा उकिरडा झाला.

मग सगळे गप्प झाले. आणि गप्प माणसं एकमेकांकडं बघायला लागतात.

"आपोआप तर पेटत न्हाई," कारभारीबुवा म्हणाले.

"हितं बिडी कोन वढतं?" मी विचारलं. नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती. माझ्या अंगणात बिडी चालत नाही, म्हणून भिमाजी गंजीआड जाऊन ओढतो हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

भिमाजी त्या राखेतच खाली बसला.

"मीच वढली, मोठ्याई. दुपारी. तिथंच बसलो हुतो."

"इझवली न्हवती?"

"इझवली." मग राखेकडं बघून, "इझवली आसं वाटतंय."

त्या 'वाटतंय'नं त्याचा गळा धरला, तो सोडलाच नाही. आणि मी काय म्हणाले? अजून ते बोल माझ्या कानात आहेत.

"बैलं तूच जगवलीस, भिमाजी. आता तूच उपाशी मार."

आळीसमोर म्हणाले. कोणी मला थांबवलं नाही.

वैरण नाही म्हटल्यावर जोडी ठेवणार कशी? संगमनेरकडं माझी लेक दिली आहे, तिथं हिरवं होतं. भिमाजीनं बैल चालवत नेले आणि नुसते कासरे खांद्यावर टाकून परत आला. येताना बिडीचं बंडल पाटात फेकलं म्हणे. त्यानंतर तो ओसरीवर जेवायला यायचा बंद झाला. भाकरी झुंबरबाई, त्याची बायको, पदराखाली झाकून खोपटात न्यायची.

"कसा हाय गं त्यो?" मी तिला विचारलं.

"कसा आसनार? निजंतून उठतो, चुलीतली राख चाचपतो. इझली का, इझली का. म्या म्हनलं, आवो, चूल सांजंपस्नंच थंड हाय. तरी हात घालतो." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "दसरा झाला की आमी गावाकडं जातो, मोठ्याई. त्यास्नी हितल्या दावनीकडं बघवत न्हाई."

"तिकडं खानार काय? धोंडं?"

"खाऊ. हितं तरी घास कुठं उतरतोय?"

घरातली बाजरी मात्र तशीच होती. खालची पोती ओल धरायला लागली, हस्त काही हटत नव्हता. रंगनाथ रोज पोत्यात हात घालून बाजरी हुंगायचा. शेवटी भिमाजीच आला, ओसरीच्या खाली उभा राहिला.

"मोठ्याई, गोनपाट पुन्यांदा करू. जायच्या आधी येवढं करून जातो. माझ्यामुळंच जळलं."

दिवसभर बसून त्यानं शिवलं. मधे घालायला जुनेरं उरली नव्हती. त्यानं स्वतःची घोंगडी आणली, छावणीत पांघरलेली, आणि मधल्या थराला घातली. "आरं, थंडीत काय पांगरशील?" मी म्हणाले. तो म्हणाला, "लागत न्हाई मला." मी पुन्हा तेल कढवलं. चांगुणानं आणि मी चोळलं. ऊन नव्हतंच, आभाळ खाली आलं होतं. पुन्हा मीच गुंडाळलं, आणि या खेपेला डोळ्यासमोर असावं म्हणून ओसरीवरच ठेवलं. झुंबरबाईनं दुरून बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी त्याच्या जवळपास जाऊ नगा."

दुपार कलली. रंगनाथ रानात, चांगुणा पाटावर. मी सुपात मठ घेऊन निवडायला बसले. ओसरी गार, माझे गुडघे दुखरे. टेकायला काही नव्हतं म्हणून त्या गुंडाळीवरच बसले. बसले तर बरं वाटलं. उबेला बसल्यासारखं. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घालावा तशी ऊब. मला वाटलं, माझ्याच अंगाची. पण माझं अंग कुठलं एवढं गरम? हाडं राहिलीत नुसती.

मी उठून गुंडाळीच्या घड्यांत हात घातला. कोपरापर्यंत घातला आणि काढून घेतला. आत तव्यासारखं होतं.

आणि तो वास. भाकर करपल्याचा.

दोर सोडून मी ते ओसरीवर उलगडलं. मधोमध भिमाजीच्या घोंगडीजवळ गोणपाटावर तळहाताएवढा तपकिरी डाग, त्यातून बारीक धूर. चूल विझलेली. ऊन नाही. बिडी तर त्या घरात राहिलीच नव्हती.

मग माझा बाप आठवला. मोट विहिरीवरच्या बाभळीला टांगायचा. मी एकदा तिची घडी घालून कोनाड्यात ठेवली तर पाठीत धपाटा घातला होता. "रोगन लावल्यालं गुंडाळू नगं गं पोरी, वाऱ्याला टांग." मला वाटलं होतं, कातड्याला सुरकुत्या पडतात म्हणून. का म्हणून मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. अर्धी विद्या घेऊन नांदायला आले आणि ती घरभर मिरवली.

गुंडाळलं मी. दाबलं मी. गंजीत सारलं मी. आणि वास येतोय म्हणाली सून, तर तिलाच तवा दाखवला मी.

मी ते गोणपाट उचलून कुडावर टांगलं. कोणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. मनात म्हटलं, त्यानं स्वतःच कबूल केलंय. आता उकरून काय मिळणार? माझं नाक कापलं जाईल आणि गंज काही परत येणार नाही. असं म्हणून चुलीपाशी बसले, आणि चांगुणाला म्हणाले, भिमाजीच्या भाकरीवर तुपाची धार घाल. झुंबरबाईनं भाकरी परत आणली.

"तूप नगं म्हनत्यात. वैरन जाळल्याल्याला तूप कशाला, म्हनत्यात."

ते तूप मांजरानं खाल्लं. मला घास गेला नाही. खाई त्याला खवखवे. मी तर न खाताच खवखवत होते.

दोन दिवस वाऱ्यानं ते गोणपाट चांगलं सुकलं, चामड्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे रंगनाथनं मागून आणलेला ट्रॅक्टर जोडून ट्रॉली भरली, बांबूच्या कमानींवर ते ताणलं, कड्यांतून दोर आवळले. राहात्याच्या वाटेवर पावसानं झोडपलं. दुपारी परत आला तो शीळ घालतच.

"आये! एक दाना भिजला न्हाई! पानी आसं घरंगळतंय, बदकाच्या पाठीवरनं जावं तसं! आडत्या इचारतोय, कुठली ताडपत्री?"

आळी जमली. लोक बोटं लावून बघायला लागले. कारभारीबुवा मान हलवत म्हणाले, "बनुबाई, हसलो मी, चुकलं. डोकं हाय तुजं. आमाला बी सांग, आमचा भुईमूग बी भिजतोय."

"व्हय, सांगा सांगा," बाकीचे म्हणाले. "आजच त्याल काढतो."

त्याच वेळी खोपटाकडून भिमाजी आणि झुंबरबाई निघाली. तिच्या डोक्यावर गाठोडं, त्याच्या खांद्यावर घमेलं आणि कोयता. दसरा झालाच होता, गाडी धरायची म्हणून घाईत. तो ट्रॉलीपाशी थांबला, आपण शिवलेल्या टाक्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं बघून वाकला.

"येतो, मोठ्याई. टिकंल चांगलं. फकस्त इस्तवापस्नं लांब ठिवा."



"थांब," मी म्हणाले. "समद्यांनी ऐका. रोगन लावल्यालं गोनपाट वल्लं आसताना गुंडाळायचं न्हाई. टांगायचं. वाऱ्यावर."

"का?" कारभारीबुवांनी विचारलं.

"त्ये पेटतं."

"कोन पेटवतं?"

"कोनी न्हाई. घडीत कोंडलं की त्याल तापतं नि आपलं आपुन पेटतं."

कोणी हसलं. भिमाजी हसला नाही. तो मान खाली घालून म्हणाला, "जाताना माझं मन राखू नगा, मोठ्याई. तुमी बोलला त्ये खरंच हुतं."

मी ओसरीवर गेले. सकाळीच मी उरलेल्या गोणपाटांना तेल चोळून घट्ट गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवली होती. कशाला ठेवते आहे, ते ठेवताना माझं मला कबूल केलं नव्हतं. ती गुंडाळी आणून मी त्याच्या पुढं टाकली. त्याचा हात मनगटाला धरला आणि घडीत घातला.

"बघ."

तो हात काढून घेईल असं वाटलं होतं. त्यानं काढला नाही. आत आत घालत गेला. चेहऱ्यावर काही दिसेना. मग रंगनाथनं हात घातला आणि शिवी हासडून मागं घेतला. कारभारीबुवांनी वास घेतला. "त्या सांजंचा वास," ते हळूच म्हणाले.

"म्हंजी आये, त्या दिशी–" रंगनाथ म्हणाला.

"त्या दिशी गुंडाळलं कुनी? मी. गंजीत सारलं कुनी? मी. गुडघं रोवून दाबलं, वर पेंढ्या घातल्या. नि बोल लावला ह्याला. आळीसमोर लावला, म्हनून आळीसमोर सांगते."

भिमाजी तिथंच खाली बसला. हात अजून गुंडाळीतच. झुंबरबाईनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. माझ्याकडं इतकं सरळ तिनं कधी बघितलं नव्हतं.

"तुमाला कवा कळलं?"

"परवा."

"परवा," ती म्हणाली. "परवाच्या राती बी ह्यानं चूल चाचपली. कालच्या बी."

मी उभीच राहिले. कोणी बस म्हणालं नाही.

मग भिमाजीनं हात बाहेर काढला. लाल झाला होता. त्याच्याकडं बघत तो म्हणाला, "म्हंजी मी इझवली हुती."

"इझवली हुतीस."

"मला वाटतच हुतं." मग इकडंतिकडं बघून त्यानं विचारलं, "बिडी हाय का कुनाकडं?"

असणार होती. कारभारीबुवांच्या टोपीतच होती. पण माझ्या अंगणात काढायची कोणाची छाती होईना. मी पदर नीट घेतला आणि चालत छगनच्या दुकानावर गेले.

"बिडीचं बंडल दे. नि काडीपेटी."

छगननं तराजू खाली ठेवला. "कुनाला, बनुबाई?"

"मला. दे."

गावातून ते बंडल मी हातात उघडं धरून आणलं, पदराखाली घेतलं नाही. भिमाजीला दिलं. काडी मीच ओढली, पण माझी काडी विझली. दुसरी त्यानं ओढली. एक झुरका घेतला, डोळे मिटले. झुंबरबाई गाठोड्यावर बसली होती. ते तिनं उचललंही नव्हतं, सोडलंही नव्हतं.

बिडी संपली. त्यानं थोटूक मातीत दाबलं, अंगठ्यानं रगडलं. त्यावर थुंकला. पुन्हा रगडलं. उठायला गेला आणि परत वाकून बघायला लागला.

"मोठ्याई," तो म्हणाला, "इझली न्हवं?"

मी खाली बसले. गुडघे करकरले. माझा अंगठा त्या थोटकावर दाबला आणि माती गार होईपर्यंत तिथंच ठेवला.

"इझली," मी म्हणाले. "इझली रं."